प्रोजेक्ट विकत मिळतो, हुनर नाही

मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या कोणत्याही विद्यार्थ्याचा बायोडाटा उघडला की तीन रकाने दिसतात : शिक्षण, इंटर्नशिप आणि प्रोजेक्ट. पहिला रकाना विद्यापीठाच्या हातात असतो. अभ्यासक्रम ठरलेला, परीक्षा ठरलेली, गुणपत्रिकेवर शिक्का. उरलेले दोन रकाने विद्यार्थ्याने स्वतः भरायचे असतात. तिथे कोणी नीट तपासत नाही, कोणी बोट धरून नेत नाही. आणि मुलाखत घेणारा अनुभवी माणूस प्रश्न विचारायला सुरुवात करतो ती नेमकी याच दोन रकान्यांवरून.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या घरात आधी कोणी इंजिनिअर झालेला नाही, त्या घरातल्या मुलाचे किंवा मुलीचे भवितव्य वर्गात जितके ठरते त्याहून जास्त या दोन रकान्यांत ठरते. तिथे फसवणूक करणे सोपे आहे आणि तिथेच ती सर्वांत महागात पडते. या दोन रकान्यांसाठी विद्यार्थ्याने काय करावे आणि समाज म्हणून आपण काय करावे, यावर या वेळी बोलू.

हे लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर कात्रज आहे. कात्रज-धनकवडीच्या टेकडीवर भारती विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. शेजारच्या कोंढव्यात आणि आसपास आणखी अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पेठा आणि कॅम्पातून अनेक मुस्लिम कुटुंबे कोंढव्याकडे सरकली. सोलापूर, लातूर, बीड, नांदेडकडची मुले इथे कॉट बेसिसवर खोली घेऊन राहतात. एका किलोमीटरच्या आत इंजिनिअरिंगचे वर्ग आहेत, गॅरेज आहेत, वेल्डिंगची दुकाने आहेत आणि भंगारची गोदामेही आहेत. पण वर्गातला मुलगा गॅरेजमध्ये क्वचितच जातो आणि गॅरेजमधला मुलगा वर्गापर्यंत क्वचितच पोचतो.

हात आपले, ड्रॉइंग दुसऱ्याचे

नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालातले दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. मुस्लिम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारात होते. कपडा, धातूकाम, वाहनदुरुस्ती यांसारख्या क्षेत्रांत समाजाचे प्रमाण लक्षणीय होते. त्याच अहवालात म्हटले आहे की आयआयटींमध्ये शिकणाऱ्या २७,१६१ विद्यार्थ्यांपैकी मुस्लिम होते फक्त ८९४. यंत्रावर हात आपला आहे, पण ते यंत्र कसे असावे हे ठरवणाऱ्या टेबलावर आपण जवळजवळ नाही.

उच्च शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीनुसार २०२०-२१ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या १९ लाखांच्या आसपास होती, म्हणजे एकूण विद्यार्थ्यांच्या ४.६ टक्के. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के आहे. त्यामुळे जो मुलगा किंवा मुलगी मेकॅनिकलच्या वर्गापर्यंत पोचली आहे, ती बरीच मोठी चढण चढून आली आहे. तिथून पुढे निव्वळ माहितीअभावी घसरू नये, एवढी तरी काळजी आपण घ्यायला हवी.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलले पाहिजे. अब्बूंचे गॅरेज असेल तर अनेक मुले ते कॉलेजात लपवतात. ‘वडील बिझनेस करतात’ एवढेच सांगतात. खरे तर लहानपणापासून इंजिन उघडताना पाहिलेल्या मुलाकडे जे आहे ते वर्गातल्या निम्म्या मुलांकडे नसते. गॅस्केट का गळते, बोल्ट का कातरतो, बेअरिंग जाण्याआधी कसा आवाज करते, हे त्याने कानांनी ऐकलेले असते. मात्र तेवढ्यावर तो इंजिनिअर होत नाही. बेअरिंग गेले हे उस्तादला कळते. ते किती तास चालायला हवे होते, त्यावर भार किती होता आणि तेच बेअरिंग तिथे का निवडले, याचे उत्तर गणिताने देता आले की इंजिनिअर होतो. या दोन्ही गोष्टी एका माणसात आल्या तर त्याला अडवणे अवघड आहे.

प्रोजेक्टचे दुकान

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कसा होतो, हे कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा. चार जणांचा ग्रुप असतो. गाइड यादी देतात किंवा सीनियरचा जुना रिपोर्ट फिरत येतो. सबमिशनला महिना उरला की कोणीतरी ‘बनवून देणाऱ्या’चा नंबर काढतो. पैसे गोळा होतात. तयार मॉडेल येते, रंग दिलेले, मोटर लावलेले. सोबत रिपोर्ट आणि व्हायव्हाचे संभाव्य प्रश्नही मिळतात. पुण्यात हा धंदा उघडपणे चालतो. इंटर्नशिपचेही तसेच. काही हजार रुपये भरले की घरबसल्या ‘इंटर्नशिप पूर्ण’ असे प्रमाणपत्र मिळते.

ग्रुपमधल्या चारपैकी ज्या मुलाचे काका कंपनीत मॅनेजर आहेत, त्याला या खरेदीने फार नुकसान होत नाही. त्याची नोकरी दुसऱ्या वाटेने येते. ज्याच्या मागे कोणी नाही, त्याच्याकडे दाखवायला फक्त स्वतःचे काम असते आणि तेच त्याने विकत घेतलेले असते. मुलाखतीत प्रश्न येतो, ‘हा शाफ्ट २५ मिलिमीटरचाच का घेतला?’ आणि तिथे शांतता पसरते. चार वर्षांची फी, घरातले विकलेले दागिने, वडिलांनी घेतलेले कर्ज, सगळे त्या शांततेत अडकून पडते.

हा २५ मिलिमीटरचा प्रश्न किती साधा आणि किती खोल आहे, ते पाहा. विद्यार्थी ड्रॉइंगवर ‘२५’ लिहून मोकळा होतो. लेथवरचा टर्नर पहिली गोष्ट विचारतो, ‘किती सूट?’ अचूक २५ मिलिमीटर जगात कोणी बनवू शकत नाही. शाफ्ट भोकात बसून सहज फिरायला हवा असेल तर भोकाला ‘एच७’ आणि शाफ्टला ‘जी६’ अशी मर्यादा देता येते. २५ मिलिमीटरसाठी याचा अर्थ असा : भोक २५.००० ते २५.०२१ च्या दरम्यान आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ च्या दरम्यान. दोघांमध्ये जागा राहते कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. ही सूट लिहिली नाही तर वस्तू बनत नाही, किंवा बनते आणि अडकते. गरजेपेक्षा कडक लिहिली तर खर्च अनेक पटींनी वाढतो. पुस्तकातले हे कोष्टक परीक्षेपुरते पाठ करणारे शेकडो असतात. एकदा स्वतःचा शाफ्ट अडकलेला पाहिला की ते आयुष्यभर विसरत नाही. विकत घेतलेल्या प्रोजेक्टमध्ये शाफ्ट कधीच अडकत नाही, म्हणून त्यातून काही शिकताही येत नाही.

कात्रजच्या उतारावरचा धडा

‘विषय कुठून आणायचा?’ हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न. आमचे उत्तर असे की खोलीतून बाहेर पडा आणि पाहा.

कात्रजचा नवा बोगदा ओलांडून महामार्ग नवले पुलाकडे उतरतो. त्या उताराने किती जीव घेतले ते पुणेकरांना सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका जड वाहनाने तिथे ४८ गाड्यांचे नुकसान केले. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर किंवा इंजिन बंद करून सोडणे आणि मग ब्रेक न लागणे, हे कारण तिथल्या अपघातांत वारंवार पुढे आले आहे.

आता हेच विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा. ३० टनांचा ट्रक उभ्या उंचीत १० मीटर खाली आला की सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. साधारण नऊ लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ही आहे. वेग वाढू द्यायचा नसेल तर ती कुठेतरी जिरवावी लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन त्यातला मोठा वाटा घेते. न्यूट्रलमध्ये तो जवळजवळ सगळा ब्रेकच्या ड्रमवर पडतो. ड्रम तापतो, अस्तराचे घर्षण कमी होते, चालक आणखी जोराने पेडल दाबतो, ड्रम आणखी तापतो. इंजिनच बंद केले असेल तर हवेच्या ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि टाकीतला दाब प्रत्येक ब्रेकसरशी घटत जातो. ‘डिझाइन ऑफ मशीन एलिमेंट्स’मधला ब्रेकचा धडा आणि ‘हीट ट्रान्स्फर’चा धडा रोज आपल्या दारासमोरून जात असतो.

ट्रकचे ब्रेक तुम्ही शेवटच्या वर्षात बदलू शकणार नाही. पण हातगाडीचे बदलू शकता. कात्रज-कोंढवा रस्त्याच्या चढउतारावर फळे-भाजी विकणारे लोक गाडी थांबवताना चाकाखाली दगड ठेवतात. दगड निसटला तर गाडी निघाली. त्यांच्यात आपल्याच मोहल्ल्यातले चाचा असतात. या हातगाडीला साधा, स्वस्त ब्रेक बसवायचा, एवढा विषय घ्या.

गणित करून पाहू. भरलेली गाडी २०० किलो आणि उतार पाच अंशांचा धरला तर ती उताराच्या दिशेने सुमारे १७१ न्यूटनने खेचते. म्हणजे जवळजवळ साडेसतरा किलोचे ओझे सतत ओढत असावे तसे. चाकाच्या कडेवर रबरी पट्टी दाबून ती थांबवायची आणि घर्षणाचा गुणांक ०.४ मानला, तर एकूण ४३० न्यूटनच्या आसपास दाब लागेल. पावसात गुणांक निम्म्यावर आला तर दाब दुप्पट, म्हणजे साधारण ८५५ न्यूटन. एकास चार प्रमाणाचा तरफदांडा दिला तरी हाताने एकवीस-बावीस किलोचा जोर लावून धरावा लागेल. साठीतला माणूस हे किती वेळ धरेल? गणितानेच इथे दिशा बदलली. माणसाने धरून ठेवायचा ब्रेक इथे चालणार नाही. स्प्रिंगने आपोआप लागलेला राहील आणि दांडी दाबली तरच सुटेल असा ब्रेक हवा. विमानतळावरच्या सामानाच्या अनेक ट्रॉल्यांत हीच युक्ती असते.

मग पुढचे प्रश्न येतात. स्प्रिंग कोणती? ती गंजेल का? दुरुस्ती गल्लीतल्या सायकलवाल्याकडे होईल का? विक्रेता यासाठी किती पैसे देईल? दहा जणांना विचारा आणि त्यांची उत्तरे लिहून ठेवा. पहिला नमुना मोडेल. का मोडला ते लिहा. दुसरा करा. तो एका विक्रेत्याला महिनाभर वापरायला द्या. या वहीची तीस पाने हातात घेऊन मुलाखतीला बसलेल्या मुलाला ‘हे तू केलेस का?’ असे विचारायची वेळच येत नाही.

असे विषय आपल्याभोवती भरपूर आहेत. बेकरीच्या भट्टीतून धुराड्यावाटे किती उष्णता वाया जाते आणि तिच्यावर पाणी गरम करता येईल का? बंद गाळ्यात वेल्डिंग करणाऱ्यांच्या नाकातोंडात जाणारा धूर ओढून घेणारा स्वस्त पंखा कसा करायचा? मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांचा कानठळ्या बसवणारा आवाज नेमका कुठल्या भागातून येतो? मशिदीत एका वुजूला तीन लिटर पाणी धरले आणि दिवसाला पाचशे वुजू झाले तर दीड हजार लिटर तुलनेने स्वच्छ पाणी गटारात जाते. ते गाळून झाडांना किंवा शौचालयाला वापरायची यंत्रणा किती खर्चात बसेल? प्रत्येक प्रश्नात मोजमाप आहे, गणित आहे, बनवणे आहे आणि ज्याच्यासाठी बनवायचे तो माणूसही आहे.

मोठी कामेही अशीच गरजेतून उभी राहतात. पेशवाईत नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळ बांधून पुणे शहरापर्यंत पाणी नेले, ते पंपाविना, केवळ उताराच्या हिशेबावर. औरंगाबादच्या पाणचक्कीत लांबून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्याच्या जोरावर दर्ग्यातल्या लोकांसाठी पीठ दळले जाई. आपल्या पूर्वजांच्या यंत्रविद्येचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्यांनी आधी पाणी मोजले होते हेही लक्षात ठेवावे.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर शिवाजीनगरच्या सीओईपीचे घ्या. तिथल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ ने अवकाशात गेला. त्यावर कित्येक वर्षे काम चालले होते. सुरू करणाऱ्या तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि काम पुढच्या तुकड्यांनी पूर्ण केले. हे शक्य झाले कारण आधीच्यांनी सगळे लिहून ठेवले होते. तुमच्या हातगाडीच्या ब्रेकचेही तसेच व्हायला हवे. या वर्षीचा ग्रुप जिथे थांबेल तिथून पुढच्या वर्षीच्या ग्रुपला उचलता आले पाहिजे.

इंटर्नशिप : ओळख, पत्र आणि पैसे

आता दुसरा रकाना. पुण्याच्या आसपास भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव असा कारखान्यांचा मोठा पट्टा आहे. कात्रजकरांसाठी यातले बहुतेक शहराच्या दुसऱ्या टोकाला. दक्षिणेला बोगद्यापलीकडे खेड-शिवापूर आणि शिरवळ तुलनेने जवळ. मोठ्या कंपनीचे नाव बायोडाट्यात शोभते म्हणून सगळे तिकडेच धावतात आणि तिथली दारे बहुधा ओळखीने उघडतात. वीस-तीस माणसांच्या छोट्या युनिटकडे मात्र कोणी पाहत नाही. मोठ्या कंपनीत इंटर्नला अनेकदा सहा आठवडे एका टेबलावर एक्सेल भरायला बसवतात. छोट्या युनिटमध्ये मालक स्वतः मशीनवर असतो, ड्रॉइंग येण्यापासून माल टेम्पोत चढेपर्यंत सगळे एका छताखाली दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलाला शिकायला ही जागा जास्त चांगली आहे.

तिथे गेल्यावर काय करायचे? पहिल्या दिवसापासून वही ठेवा. रोज एक मोजमाप शिका : व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज, बोअर गेज. एका जॉबचा पूर्ण प्रवास लिहा. कच्चा माल कोणता, कुठल्या मशीनवर किती मिनिटे, सेटिंगला किती वेळ, शंभरात रिजेक्शन किती आणि का. ऑपरेटरला ‘दादा’ म्हणा, ‘चाचा’ म्हणा, पण नोकर समजू नका. मशीनचे निम्मे ज्ञान त्याच्याकडे आहे. आणि निघण्यापूर्वी एक छोटी सुधारणा मालकासमोर मांडा. सेटिंगचा वेळ चाळीस मिनिटांवरून तीसवर आणणारा साधा फिक्श्चर सुचवता आला तरी ती इंटर्नशिप सार्थकी लागली.

याबरोबर हक्काचीही जाणीव हवी. शिकवण्याच्या नावाखाली बारा-बारा तास फुकट राबवून घेणारे आहेत. कामावर जाण्याआधी लेखी पत्र मागा. त्यात कालावधी, वेळ, कामाचे स्वरूप आणि मानधन असले पाहिजे. मानधन नसेल तर तसे स्पष्ट लिहिलेले असावे. सेफ्टी शूज आणि गॉगलशिवाय मशीनजवळ जाऊ नका. सैल कपडे, अंगठी, मोकळे केस किंवा लोंबणारी ओढणी घेऊन फिरत्या चकजवळ उभे राहू नका. ओढणी-हिजाब घट्ट आत खोचून बांधता येतो. तो विषय लाजण्याचा नाही, सुरक्षेचा आहे.

पदवीनंतरचा एक कायदेशीर मार्ग फार थोड्यांना माहीत आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, २०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार, ३० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्याच दुरुस्तीने दरमहा किमान विद्यावेतन पदवीधराला ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये ठरवले. अर्ज करताना चालू दर पाहून घ्यावा. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. वर्षभरानंतर नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर नाही, हे खरे. पण ज्याला ओळख नाही त्याच्यासाठी शॉप फ्लोअरचे हे दार कायद्याने उघडे ठेवलेले आहे. कोणी पैसे घेऊन ‘अप्रेंटिस लावून देतो’ म्हणत असेल तर त्याच्यापासून दूर राहा.

आडनावाचा प्रश्न

हे सगळे केले तरी आडनाव पाहून फोन येत नाही, असे अनेक तरुण सांगतात. ही केवळ मनाची समजूत नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत फारच कमी निघाली, सुमारे एक तृतीयांश. दलित नावांच्या अर्जांनाही कमी प्रतिसाद मिळाला.

सच्चर समितीने यावर उपाय म्हणून समान संधी आयोगाची शिफारस केली. माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटाने २००८ मध्ये त्याचा आराखडाही दिला. आयोग आजही अस्तित्वात नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रात मुस्लिमांतील मागास गटांना दिलेल्या पाच टक्के आरक्षणाचा शिक्षणापुरता भाग मुंबई उच्च न्यायालयाने रोखला नव्हता, पण अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर झाले नाही आणि तो बारगळला. हे प्रश्न नागरिक म्हणून विचारत राहिले पाहिजेत. ‘मेहनत करा, सगळे मिळेल’ असा कोरडा उपदेश आम्ही करणार नाही, कारण ते पूर्ण खरे नाही.

पण एवढे नक्की खरे आहे की जिथे नाव वाचून अर्ज बाजूला पडतो, तिथे कागदाचे वजन कमी असते आणि कामाचे जास्त. तुमच्या ब्रेकचा व्हिडिओ, तुमचे ड्रॉइंग, छोट्या युनिटच्या मालकाने दिलेला एक फोन, ‘हा मुलगा माझ्याकडे दोन महिने होता, कामाचा आहे,’ या गोष्टी नावाच्या आधी पोचू शकतात. भेदभावाविरुद्ध बोलायचे आणि स्वतःचे काम पक्के ठेवायचे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील. एकासाठी दुसरे थांबवू नका.

मुली आणि शॉप फ्लोअर

आपल्या घरांतून मुलींना कॉम्प्युटरला घालायला आता फारशी हरकत नसते, मेकॅनिकल म्हटले की कपाळावर आठी येते. ‘मशीनवर मुलगी काय करणार?’ १९७४ मध्ये सुधा मूर्तींनी हाच प्रश्न उलटा विचारला होता. महिलांनी अर्ज करू नये असे लिहिलेल्या टेल्कोच्या जाहिरातीवर त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि पुढे टेल्कोच्या इंजिनिअर म्हणून त्या रुजू झाल्या. त्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली. पुण्याच्या कारखान्यांत डिझाइन, क्वालिटी, प्लॅनिंगमध्येच नव्हे, असेंब्ली लाइनवरही मुली आहेत. अम्मी-अब्बूंना आमची विनंती आहे. मुलीला मेकॅनिकलला पाठवलेच आहे तर इंटर्नशिपलाही पाठवा. एकदा सोबत जाऊन युनिट पाहा, मालकाशी बोला, जाण्यायेण्याची सोय ठरवा. पण ‘घरीच बसून ऑनलाइन कर’ असे सांगून तिचा अर्धा अभ्यासक्रम काढून घेऊ नका.

फीच्या चेकपलीकडे

शेवटी समाजाबद्दल. आपल्याकडे फी भरणाऱ्या संस्था आहेत, जकातीतून मदत करणारे लोक आहेत, त्यांचे ऋण मोठे आहे. पण फीचा चेक दिला की आपली जबाबदारी संपल्यासारखे वाटते. विद्यार्थी अडतो तो त्यानंतर. इंटर्नशिपच्या दोन महिन्यांचा बसपास आणि डबा, सेफ्टी शूज, एक व्हर्नियर कॅलिपर, प्रोजेक्टसाठी लागणारे लोखंड आणि बेअरिंग, हा खर्च एका सेमिस्टरच्या फीपेक्षा कितीतरी कमी आहे. आणि याच खर्चासाठी पैसे नसतात म्हणून मुले प्रमाणपत्र विकत घेतात किंवा कुरिअरची कामे धरतात.

याहून मोठी मदत पैशांशिवायची आहे. कोंढवा, भोसरी, हडपसर, रामटेकडी भागात आपल्या लोकांचे वर्कशॉप आहेत, फॅब्रिकेशनची युनिट आहेत, गॅरेज आहेत. प्रत्येकाने वर्षाला दोन विद्यार्थी घ्यावेत, कोणत्याही जातीधर्माचे. त्यांना लेखी पत्र द्यावे, जमेल तेवढे मानधन द्यावे आणि काम शिकवावे. बदल्यात विद्यार्थ्याने उस्तादला काहीतरी द्यावे : जुन्या जॉबचे नीट ड्रॉइंग करून द्यावे, खर्चाचा हिशेब मांडून द्यावा, कारागिराच्या अनुभवाला प्रमाणपत्र मिळवून देणाऱ्या सरकारी योजनेचा फॉर्म भरून द्यावा. गॅरेजात काम करणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला रात्रीच्या शाळेची किंवा आयटीआयची वाट दाखवणे, हेही त्याच विद्यार्थ्याचे काम आहे.

नोकरीत असलेल्या आपल्या इंजिनिअरांनाही एक सांगणे आहे. तुम्हाला वाट दाखवणारे कोणी नव्हते, हे तुम्ही नेहमी सांगता. महिन्यातून एका रविवारी दोन तास काढा. पाच मुलांचे प्रोजेक्ट ऐका आणि त्यांना तोच प्रश्न विचारा : हा शाफ्ट २५ चाच का?

प्रिय विद्यार्थ्यांनो, नव्या सेमिस्टरला गाइडकडून यादी येण्याआधी आपल्या वस्तीत एक चक्कर मारा. टेप, वही आणि पेन सोबत ठेवा. तीन लोकांना विचारा की तुमच्या कामात रोज कोणती गोष्ट अडते. त्यातली एक निवडा आणि मोजायला सुरुवात करा. काही अडले, वर्कशॉपची ओळख हवी असेल, तर आम्हाला लिहा. तुमच्या परिसरात विद्यार्थी घ्यायला तयार असलेल्या युनिटची नावे कळवलीत तर ती इतरांपर्यंत पोचवण्याचे काम आम्ही करू.